हॅलोआजींचा नऊ-दहाचा फोन

पाळणाघरात मुलं होती सव्वीस, आणि त्या सव्वीस मुलांचे आईबाप एकाच बाईला वचकून असत. बाई उंचीला जेमतेम, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि कामही तसं जेमतेमच. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी हजेरीचा कागद समोर घ्यायचा आणि न कळवता जे मूल आलेलं नाही त्याच्या आईबापांना फोन लावायचा. कोणीतरी उचलेपर्यंत लावायचा. मुलं त्यांना हॅलोआजी म्हणत. आईबाप काय म्हणत ते मुलांसमोर म्हणत नसत.

हॅलोआजींनी एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर एकतीस वर्षं काढली होती. तिथून त्या निवृत्त झाल्या, पण त्यांचा कान काही झाला नाही. "घंटी वाजली म्हणजे फोन लागला नव्हे," असं त्या सांगत. "पलीकडून माणूस 'बोला' म्हणाला, की लागला." संदेश पाठवणं, निळ्या खुणा बघणं असल्या प्रकारांवर त्यांचा विश्वास नव्हता. खुणा काय, भिंतीवर ओल आली तरी उमटतात.

या बाण्यापायी तक्रारी साचत गेल्या. एका आईला फोन आला तेव्हा ती दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडून पडलेली होती. आजींनी तिला तशीही सोडली नाही. "मूल तुमच्याजवळ आहे का? हो असेल तर एकदा 'आँ' म्हणा, नसेल तर दोनदा." एक वकीलसाहेब होते. त्यांच्या ऐन उलटतपासणीत सात वेळा फोन थरथरला आणि साक्षीदार हसला. साक्षीदार हसणं हा वकिलाला पुत्रशोकाच्या खालोखालचा धक्का असतो. त्यांनी पाळणाघराला दीड पानी पत्र लिहिलं, आणि त्यात 'छळ' हा शब्द चार वेळा वापरला.

शेवटी त्या शुक्रवारी पाळणाघर चालवणाऱ्या ताई सकाळीच आजींच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"आजी, रागावू नका हं."

"तू आधी बोल. रागवायचं का ते मग बघते."

"आजपासून फोन बंद करू या. संध्याकाळी पालकांची मीटिंग आहे, तीत रीतसर ठरेलच. माझ्या भाच्यानं ॲप बनवलंय. मूल आलं नाही की आपोआप आईबाबांना संदेश जातो."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही ना..." ताईंनी खिडकीबाहेर बघितलं, "तुम्ही मुलांना छान छान गोष्टी सांगा."

आजींनी दुनिया पाहिली होती. ज्या माणसाला गोष्टी सांगायला बसवतात, त्याच्या खुर्चीवर महिन्याभरात झाडाची कुंडी येते, हे त्यांना ठाऊक होतं. घरात त्या एकट्या. सकाळी नऊ-दहाला आपली कोणाला तरी गरज आहे, एवढ्या आधारावर त्या रोज सहाला उठत. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा शेंड्यावर ठेवला.

नऊ वाजून पाच मिनिटांनी भाच्याचं ॲप कामाला लागलं. पंचवीस नावं हिरवी, एक लाल. लाल नाव टिल्लीचं. टिल्ली दोन वर्षांची, आवाज मात्र सभा गाजवणाऱ्याचा. ॲपनं तिच्या आईबाबांना संदेश पाठवला: 'आपले पाल्य आज गैरहजर आहे. आपला दिवस आनंदात जावो.' लगेच दोन बारीक खुणा उमटल्या.

"बघा आजी, पोचला!" भाचा म्हणाला.

"कुठे पोचला?"

"म्हणजे... फोनवर."

"फोन कुठे आहे?"

भाच्यानं ॲपमध्ये शोधलं. ही सोय त्यात नव्हती.

आजींना मात्र माहीत होतं. टिल्लीला रोज तिची आई सोडायची. आई आज पहाटेच्या विमानानं कामासाठी गेली होती, कालच सांगून गेली, "उद्या हिचे बाबा सोडतील." म्हणजे आईचा फोन ढगात बंद. बाबा मुद्रितशोधक. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका जिथे छापतात त्या छापखान्यात ते दिवसभर प्रुफं तपासत. तिथे दारातच प्रत्येकाचा फोन काढून कपाटात ठेवतात आणि किल्ली वेगळ्या कपाटात ठेवतात. संदेश पोचला होता, तो कपाटाला.

घड्याळात नऊ-दहा झाले. बाहेर ऊन असं, की फाटकाच्या कडीला हात लावणारा माणूस लगेच हात मागे घेत होता. रोज सोडणारी आई आज नाही. रोज न सोडणारे बाबा आज सोडणार. आणि मूल आलेलं नाही. या तीन गोष्टी आजींनी एकापुढे एक मांडल्या. त्यांनी फोन उचलला.

"आजी, आपलं ठरलंय ना," ताई म्हणाल्या.

"तुझं ठरलंय. माझं वाजतंय."

बाबांचा फोन वाजून वाजून थांबला. आईचा बंद. आजींनी छापखान्याचा नंबर लावला. तिथे आधी एका यंत्रानं त्यांचं मनःपूर्वक स्वागत केलं, मग एक दाबा, तीन दाबा, चौकट दाबा असं करत करत त्यांना एका गोड आवाजाच्या मुलीपाशी नेऊन सोडलं. ती बसली होती भलत्याच शहरात.

"तुमच्या मुद्रितशोधकांना तातडीनं बोलवा. त्यांची दोन वर्षांची मुलगी पाळणाघरात आलेली नाही. ती गाडीतच राहिली असेल."

"मॅडम, आमच्याकडे मुद्रितशोधक काम करतात किंवा कसं, हे गोपनीय आहे."

"बाळा, उन्हातली बंद गाडी दहा मिनिटांत भट्टी होते."

"मी समजू शकते मॅडम. मी आपली तक्रार नोंदवून घेते. चोवीस तासांत—"

एकतीस वर्षांचा बोर्ड आता आजींच्या कामी आला. इस्पितळात मोठे डॉक्टर सापडत नसत तेव्हा त्या डॉक्टरांच्या खोलीत फोन करतच नसत. जिथे चहा उकळतो तिथे करत. कोण कुठे आहे, कधी आला, कशावर चिडलाय, हे कुठल्याही संस्थेत फक्त तिथेच कळतं.

"बरं, कँटीन गोपनीय आहे का?"

मुलगी जरा घुटमळली. तिच्यासमोरच्या यादीत बघितलं असावं. "नाही मॅडम. कँटीन गोपनीय नाही."

"मग जोड."

दुसऱ्या घंटीला फोन उचलला गेला. "बोला! नाश्ता संपला!"

'बोला' ऐकून आजींना इतकं बरं वाटलं, की क्षणभर त्या पुढचं विसरल्या. मग भराभर बोलल्या. पलीकडे कँटीनची आचारीणकाकू होती. आवाजावरून अंगानं भरभक्कम.

"प्रुफंवाले? अर्धा चमचा साखरवाले? त्यांची निळी गाडी ना! मेला रोज माझ्या सिलिंडरच्या वाटेत लावतो. आजपण लावलीय. मागच्या दारासमोरच आहे."

"काकू, पळा. मागच्या सीटवर बघा. काच फोडावी लागली तर पोरीपासून लांबची फोडा. मधे मारू नका, कोपऱ्यात मारा."

"फोन धरा," काकू म्हणाली आणि रिसीव्हर तसाच टाकून गेली.

आजींनी फोन धरला. ताई जवळ आल्या, भाचा जवळ आला. आजींनी हात वर केला तसे दोघंही जागच्या जागी थिजले. पलीकडच्या स्वयंपाकघरात नळ गळत होता. कुकर मधूनच फुसफुसत होता. एक दार धाडकन आपटलं. मग लांबून एका पुरुषाचा आवाज: "ओ काकू, साहेबांच्या गाडीला हात नाही लावायचा! आधी लेखी परवानगी—" आणि काकूचा आवाज, त्याच्या दुप्पट: "पोर आहे आत! बाजूला हो, नाहीतर परवानगी तुझ्या टाळक्यावर लिहीन!"

मग काच फुटली. एकदा नाही; पहिल्यांदा नुसताच ठोका, दुसऱ्यांदा ठोका, तिसऱ्यांदा खळकन.

आणि मग काही नाही.

आजींनी जगातल्या सगळ्या प्रकारच्या शांतता ऐकल्या होत्या. लाईन तुटल्याची वेगळी, माणूस खोटं बोलण्याआधीची वेगळी, बातमी सांगता येत नाही म्हणून गप्प राहिलेल्या डॉक्टरची वेगळी. ही कुठली, ते त्यांना कळेना. रिसीव्हर त्यांनी कानाशी इतका दाबला, की कानाची पाळी पांढरी पडली. नळ गळतच होता. त्यांनी थेंब मोजले. अकरा झाले. बारा झाले.

आणि टिल्लीनं भोकाड पसरलं.

सभा गाजवणारा तो आवाज कँटीनच्या मागच्या दारातून, स्वयंपाकघर ओलांडून, लोंबकळणाऱ्या रिसीव्हरमधून आला आणि आजींच्या टेबलावरून थेट ताईंपर्यंत पोचला. आजी उठून उभ्या राहिल्या. "हॅलो," त्या रिसीव्हरला म्हणाल्या, "ऐकू येतंय. चालू दे, बाळा. चालू दे."

काकूनं टिल्लीला पंख्याखाली धरलं, कपडे सैल केले, ओल्या फडक्यानं सर्वांग पुसलं, आणि तेवढ्या वेळात पहारेकऱ्याकडून गाडीही मागवून घेतली. त्यानंही या खेपेला परवानगी मागितली नाही. इस्पितळात डॉक्टरांनी दोन तास ठेवून घेतलं, तपासलं आणि सांगितलं, ठणठणीत आहे, वेळेवर आणलीत. त्या बोर्डावर आता कोण बसतं कोण जाणे, पण आजींनी तिथेही फोन केला आणि डॉक्टरांच्या तोंडून 'ठणठणीत' हा शब्द दोनदा वदवून घेतला.

संध्याकाळी मीटिंग ठरल्याप्रमाणे भरली. मोठी माणसं मुलांच्या छोट्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसली. या आसनात माणसाला फार वेळ तावातावानं बोलता येत नाही, तरी वकीलसाहेबांनी पत्र वाचायला घेतलं. दुसऱ्या 'छळा'पर्यंत ते आले असतील, तोच दारात टिल्लीचे बाबा उभे राहिले. कडेवर टिल्ली. मागे तिची आई, पहिल्या मिळालेल्या विमानानं परत आलेली, बॅग अजून खांद्यालाच.

"मला दोन मिनिटं बोलायचंय," बाबा म्हणाले. "मी दिवसाला दोनशे पानं तपासतो. एक काना सुटला तर रात्री मला झोप लागत नाही. आज माझ्याकडून मुलगी सुटली."

त्यांनी टिल्लीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"ती मागे झोपली होती. चौकात पाळणाघरासाठी डावीकडे वळायचं. मी सरळ गेलो, कारण मी रोज सरळच जातो. डोक्यात प्रश्न क्रमांक चार होता. गाडी लावली, कुलूप केलं, फोन कपाटात दिला. तिला सोडून आलोय, असंच मला वाटत होतं. तुमच्यापैकी कोणालाही वाटेल की असं करणारा बाप वेगळा असतो. काल रात्रीपर्यंत मलाही तसंच वाटायचं."

पुढचं टिल्लीच्या आईनं पूर्ण केलं. "आजींनी आम्हाला फोन करून भागलंच नसतं. आमचे फोन लागतच नव्हते. त्यांनी कँटीनला केला."

सगळ्यांच्या नजरा आजींकडे वळल्या. आजी हजेरीचा कागद उगाचच सरळ करत होत्या.

वकीलसाहेबांनी पत्राची घडी केली, तिची आणखी एक घडी केली, आणि ते उभे राहिले. छोटी खुर्चीही त्यांच्याबरोबर उभी राहिली. ती काढून ठेवून ते म्हणाले, "आजी, कोर्टात मला फोन उचलता येत नाही. आमच्या दालनाबाहेर एक शिपाईदादा बसतात. त्यांचा नंबर लिहून घ्या. ते आत येऊन माझा कोट ओढतील."

"साक्षीदार हसला तर?"

"हसू दे हो."

मग आजींच्या नंबरांच्या वहीभोवती जी झुंबड उडाली! कोणी समोरच्या पानवाल्याचा नंबर दिला, कोणी लिफ्टवाल्याचा, कोणी शेजारच्या टेबलावरच्या बाईचा, जिच्याशी वर्षभर अबोला होता. दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडून पडलेल्या आईनं डॉक्टरांचाच दिला. त्यानंतर गाडीत मुलाशेजारी काय ठेवायचं, म्हणजे उतरताना मागचं दार उघडावंच लागेल, यावर वीस मिनिटं खल झाला. एकानं सुचवलं, डावा बूट. दुसऱ्यानं विचारलं, मग क्लच? उजवा म्हणावं तर ब्रेक. शेवटी ऑफिसचं ओळखपत्र आणि बॅग यावर एकमत झालं, कारण त्याशिवाय कोणाला ऑफिसात घेत नाहीत आणि बाप असल्याचं ओळखपत्र अजून कोणी देत नाही.

ताई हळूच आजींजवळ आल्या. "आजी, चुकलं माझं. खुर्ची तुमचीच."

"खुर्चीचं राहू दे. दुसरी वही दे. ही भरली."

भाचाही आला. ॲपमध्ये आणखी एक बटण घालायचंय, म्हणाला. संदेश कोणी वाचला नाही की पाच मिनिटांत आजींच्या टेबलावर घंटी वाजेल. आजींनी विचार केला आणि परवानगी दिली. तोंडी.

सोमवारी सकाळी साडेआठलाच आजींचा फोन वाजला. एक बाबा म्हणाले, "आजी, धाकट्याला ताप आहे, आज घरीच, माझ्या मांडीवर आहे." ते ठेवतात तोच दुसरा. "आजी, आम्ही गावाला चाललोय, पोरगा मागे बसलाय, हा बघा बोलतोय." तिसरा, चौथा. मुलं दारातून आत येत होती त्यांचेही फोन येत होते: "सोडलं हो आजी, आत्ताच सोडलं, तुमच्यासमोरूनच गेलो!" कँटीनच्या काकूचाही आला. गाडी आज सिलिंडरच्या वाटेत नाही, सावलीत लावलीय, मागच्या दोन्ही सीटा मी स्वतः बघितल्या.

नऊ वाजून दहा मिनिटांनी हजेरीच्या कागदावर एकही नाव शिल्लक नव्हतं आणि फोन थांबायचं नाव घेत नव्हता. टिल्ली टेबलाखाली बसून आजींच्या चपलेशी खेळत होती. आजींनी चष्मा शेंड्यावरून वर सरकवला, पाठ ताठ केली आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच खणखणीत, बोर्डावरच्या आवाजात म्हणाल्या:

"कृपया लाईनवर राहा. आपल्या आधी अजून पाच बाप आहेत."