खराट्याच्या हाती लागलेला सुरुंग

आरमारात त्या बोटीला खऱ्या नावानं कोणी हाक मारली नाही. समुद्रातले पाणसुरुंग झाडून काढणं हे तिचं काम, म्हणून सगळे तिला ‘खराटा’ म्हणायचे. पण नशीब असं, की अख्खी लढाई पाण्यात दोर ओढत फिरूनही तिला एक सुरुंग गावला नाही. गावली ती फाटकी जाळी, एक लोखंडी खाट आणि एकदा बिनदाराचं कपाट.

“संसार मांडताय का?” शेजारच्या बोटीवरचे खलाशी ओरडायचे. कप्तान वरून हसायचा आणि आतून जळायचा.

लढाई संपली. दोर उतरवून खराट्यावर क्रेन बसवली. आता बुडालेली जहाजं वर काढायची. त्याच वेळी आचारी म्हणून कप्तानाचा मेहुणा बोटीवर चढला. ‘माझ्या भावाला कुठंतरी चिकटवा’ असं बायकोनं टुमणं लावलं होतं, आणि आता धोका तो कसला, असं कप्तानालाही वाटलं होतं.

पहिलंच काम आलं ते बंदराच्या तोंडाशी बुडालेल्या, आरमारातल्या एका बड्या साहेबांच्या लाँचचं. क्रेनची साखळी कुरकुरत वर आली, तर लाँचच्या आधी तिच्या नांगरात गुंतलेलं एक धूड वर आलं. गोल, शेवाळलेलं, आणि चहूबाजूंनी शिंगं.

डेकवरचे खलाशी एकेक पाऊल मागं सरकले.

“केवढा हा बॉयलर!” मेहुणा म्हणाला.

कप्तानानं मात्र तो पाणसुरुंग लगेच ओळखला. आणि खोटं कशाला बोला, मनात आनंदाच्या उकळ्याही फुटल्या. त्यानं धावत जाऊन वायरलेसवर कचेरी गाठली.

“पाणसुरुंग सापडलाय!”

“तुम्ही जहाजं काढायची,” पलीकडचा कारकून म्हणाला. “सुरुंग खात्याला कळवा.”

“अहो, सुरुंग खातं म्हणजे आम्हीच होतो!”

“ते खातं बंद झालं. होता तिथं ठेवून द्या.”

कप्तानानं वायरलेस आपटला. सुरुंग अलगद पाण्यात सोडला, लाँचच्या नांगरात गुंतलेली त्याची साखळी तोडली आणि त्याला लांबलचक दोर बांधला. आता होडीनं तो भर समुद्रात ओढून न्यायचा होता.

“कोण येतंय माझ्याबरोबर?”

कोणाची बुटाची नाडी सुटली, कोणाला आभाळात काहीतरी दिसलं. मेहुण्यानं मात्र पिठाचे हात पुसले. “चला दाजी, मी वल्हवतो.”

“अरे, तो बॉयलर नाही,” कप्तान म्हणाला. पण त्याचा आवाज इंजिनाच्या धडधडीत विरला. की त्यानंच तो बेतानं काढला होता, देव जाणे.

अर्ध्या वाटेत मेहुण्याला शंका आली. “दाजी, बॉयलरला शिंगं कशाला?”

“शिंगाला धक्का लागला की तो फुटतो.”

“आणि आपण?”

“आपणही.”

मेहुण्यानं वल्ही थांबवली. “ताईला माहितीय हे?”

“तिला कळण्यापेक्षा सुरुंग परवडला.”

मग मेहुण्यानं अशी वल्ही मारली की कप्तानालाच ओरडावं लागलं, “हळू! दोराला हिसका बसतोय!”

दूरवर पोचल्यावर त्यांनी दोर सोडला आणि बोटीवर परतून खलाशांना सुरुंगावर बंदुका चालवायला सांगितल्या. बऱ्याच गोळ्या पाण्यात गेल्या. मग एकदम पाण्याचा डोंगर उभा राहिला, भटारखान्यातल्या बश्या फुटल्या आणि खलाशांनी टोप्या उडवल्या. कप्तानानं डोळे पुसले. तुषार उडाले म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लाँचही निघाली. ताईला अवाक्षर सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं. पण घरी पोचल्यावर मेहुण्यानं दारात बूट काढायच्या आतच सगळं ओकलं.

ताईनं नवऱ्याशी अबोला धरला. जेवणाचं ताट वाढायची, तेही आदळून. पण एके दिवशी कप्तान जिना चढत असताना वरून तिचा आवाज आला. ती शेजारणीला सांगत होती, “खोलीएवढा सुरुंग हो! ह्यांनी एकट्यानं ढकलत नेला. भाऊ होता सोबत, पण तो काय, नुसता बसला होता.”

कप्तानाला खोकला येत होता. खोकला गिळून तो जिन्यातच उभा राहिला, आणि ती पुढं काय सांगते ते कान देऊन ऐकू लागला.