फ्लेक्सच्या मागच्या अंगाला

पिंपळगाव रेणुकाईच्या चौकात माणसं दोनदा जन्मतात. एकदा आईच्या पोटी, एकदा फ्लेक्सवर. दुसरा जन्म जास्त भारी. त्यात माणूस गोरापान होतो, गाल गुलाबी होतात, डोळ्यावर गॉगल चढतो आणि पायाशी शुभेच्छुकांची रांग उभी राहते. हे सगळे जन्म एकाच माणसाच्या हातून व्हायचे. तो कचरूबा. मिरचीच्या हंगामात बाजारात पोती उचलायचा, एरवी चौकात बांबूच्या चौकटी उभ्या करून फ्लेक्स बांधायचा. पंधरा वर्षांत त्याचा एकही फ्लेक्स वाऱ्यानं फाटला नव्हता. आणि पंधरा वर्षांत एकाही फ्लेक्सवर त्याचं तोंड आलं नव्हतं.

त्याचं त्याला काही नव्हतंही. पण बायकोला, नंदाबाईला, होतं. घर चौकाच्या अगदी मागं, अंगणातून दिसायची ती सगळ्या फ्लेक्सची पाठ. दळण कधीच गिरणीवर गेलं होतं, जातं अंगणात पालथं पडलं होतं. पण ओवी काही गिरणीवर जात नाही. कचरूबानं खांद्यावर बांबू घेतला की मागून सूर यायचा:

वेशीच्या बांबूवरी, गावाची तोंडं बाई
बांधणाऱ्या हाताचं, तोंड त्यात न्हाई

आवाज गुळाचा आणि आत काटा बाभळीचा. तो पंधरा वर्षं रुतत राहिला.

म्हणून अक्षता गळ्यात कॅमेरा अडकवून दारात आली, तेव्हा कचरूबानं आधी सौदा केला. अक्षता म्हणजे गावपुढारी रामप्रसादची पुतणी, जालन्यात डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला. पुण्याहून शिकवायला येणाऱ्या सरांनी काम दिलं होतं : एक चेहरा, जसा आहे तसा.

"कचरूबा, तुमचा फोटो काढू द्या. कॉलेजात द्यायचाय."

"कॉलेजात मला कोण वळखतं? तुह्या काकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स तूच करून राह्यली ना? त्याच्यावर टाकशील तं काढ."

"टाकते. शब्द दिला."

शब्द द्यायला काही लागत नाही, असं तिला त्या वयात वाटत होतं.

तिनं त्याला दाराच्या उंबऱ्यावर बसवलं. बाहेर ऊन, आत अंधार, आणि मधे तो मऊ उजेड, ज्याच्यासाठी सर वर्गात तासभर बोलले होते. तिनं मागचं सगळं धूसर होऊ दिलं. चेहरा उमटला तो नांगरटीसारखा, घडी न् घडी बोलणारा.

कचरूबानं कॅमेऱ्याच्या पाठीवर डोळे बारीक करून पाहिलं. "गोरं करशील ना?"

"न्हाई. जसं आहे तसंच चांगलं दिसतंय."

"जसं हाय तसं तं घरीबी हाय की, माय. फ्लेक्सवर कशाला जायचं मंग?"

शेवटी समझोता झाला. सुरकुत्या राहतील, रंग राहील, पण पुढचा पडलेला दात परत येईल. कॉलेजसाठी एक फोटो बिनदाताचा, गावासाठी एक दाताचा. त्या संध्याकाळी अक्षतानं लॅपटॉपवर त्याचाच डावीकडचा दात उचलला, आरशातल्यासारखा फिरवला आणि उजवीकडं बसवला. हिरडीची सावली जुळवायला दीड तास गेला. खोटं करायला खऱ्यापेक्षा जास्त खपावं लागतं, हे शिक्षण तिला फुकट मिळालं.

आता फ्लेक्स. अक्षतानं मन लावून केला. एका बाजूला रामप्रसादकाका, दोन ओळी अक्षरं, बाकी सगळं कोरं. काकांनी फोन लांब धरून पाहिलं, मग जवळ धरून पाहिलं.

"हे निम्मं कामून राह्यलं करायचं?"

"काका, ती मोकळी जागा आहे. मुद्दाम सोडलीय. नजरेला श्वास घ्यायला."

"नजरंला श्वास? मह्यासंगं चाळीस पोरं फिरून राह्यले, त्यांला श्वास घ्यायला जागा न्हाई, अन् तू नजरंला देऊन राह्यली! भर समदं."

चाळीस पोरांचे फोटो चाळीस तऱ्हांचे आले. कुणी लग्नातला, कुणी आधार कार्डाचा, एकानं बुलेटवर बसलेला, त्यात तोंडापेक्षा दिवा मोठा. अक्षतानं सगळे कातरले, सगळ्यांच्या मागचं पुसलं, सगळ्यांना एकाच उजेडात आणलं. वर आणि दोन्ही बाजूंना तिनं भांडून थोडी जागा वाचवली. मग दबकत म्हणाली, "काका, कचरूबालाबी घ्यायचंय."

"कचरूला? अगं, त्यो बांधणार हाय. बांधणाऱ्याचा फोटो कोण टाकतं? आचाऱ्याला पंगतीत बसवतेत का?"

"मी शब्द दिलाय."

काका वाढदिवसाच्या आनंदात होते. "टाक कुठं तरी. पर पोरांच्या वळीत न्हाई हां, उगं कुरकुर होईल. खाली टाक, कोपऱ्यात."

म्हणून कचरूबा सगळ्यांच्या खाली, अगदी काठाशी गेला, एकटा. अक्षताला ती जागा उलट आवडली. काठावरचा चेहरा डोळा ओढून घेतो, असं सर म्हणाले होते.

जालन्याच्या मस्तगडात नदीमभाईंचं छपाईचं दुकान. मशीन घरघरत होतं, काउंटरवर गिऱ्हाइकं उभी. नदीमभाईंनी फाइल उघडली, मान न वळवता विचारलं, "बेटा, कडेनं बराबर सोडलंय ना?"

"हो, चारी बाजूंनी तीन मिलिमीटर."

मशीनच्या घरघरीत ते 'मिलिमीटर' कुठल्या कुठं गेलं. "बस, बिलकुल ठीक," नदीमभाई म्हणाले आणि कचरूबाचा दात शाईनं भिजत बाहेर आला.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी सातला चौकात फ्लेक्स उलगडला. कचरूबानं आधी कोपरा पाहिला. तिथं तो होता. दात होता. त्यानं अंगठ्यानं तो हळूच चाचपला, आपल्या तोंडातला चाचपावा तसा. अंगणातून नंदाबाईनं हाक दिली, "आलं का हो तोंड?"

"आलं!" कचरूबा म्हणाला. एवढा मोठा आवाज गावानं त्याचा ऐकला नव्हता.

मग त्यानं खालच्या बांबूवर फ्लेक्स ठेवला, आणि हात थांबला.

"पोरी, मुडपायला कुठं हाय?"

"म्हणजे?"

"बांबूवरून मागं घ्यायला. वीतभर कोरं लागतं की चारी अंगानं. वर हाय, बाजूला हाय. खाली न्हाई."

कागद कापताना तीन मिलिमीटर पुरतात, हे कॉलेजनं शिकवलं होतं. बांबूला वीत लागते, हे कॉलेजला माहीत नव्हतं. आणि त्या वीतभर पट्टीत छापलेलं एकच तोंड होतं.

"न मुडपता बांधा ना, कचरूबा. नुसत्या सुतळीनं. एक दिवसाचा तं प्रश्न आहे."

कचरूबानं वर पाहिलं. कडुनिंबाची पानं एका अंगाला पालथी पडत होती. "वारं बघ की. नुसत्या सुतळीवर दुपारपर्यंत टर्रकन फाटंल, तुह्या काकाच्या गळ्यापासून. मंग गाव म्हणंल, कचरूनं बांधल्ता."

"म्हणू द्या!"

"म्हणू कसं देऊ? तोंड आज आलं, माय. हात पंधरा वर्षाचा हाय."

तो फ्लेक्सपाशी उकिडवा बसला. मग त्यानं पट्टी बांबूवरून मागं घेतली, ताणली आणि खिळे ठोकले. आपल्या तोंडाला खिळा लागू नये एवढी काळजी मात्र घेतली. फ्लेक्स उभा राहिला, ढोलासारखा ताठ. रामप्रसाद हसत होते, चाळीस पोरं हसत होती. फटाके वाजले, केक कापला गेला, आणि कुणालाच काही कमी वाटलं नाही.

अक्षता तोंड चुकवत चौकातून सटकली, ती कचरूबाच्या अंगणाशी आली. तिथं नंदाबाई कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करकरून वर बघत होती.

फ्लेक्सची पाठ, सगळी पांढरी. एवढी मोठी, धुतल्या धोतरासारखी पांढरी. आणि खालच्या कोपऱ्यात, मुडपून मागं आलेल्या पट्टीवर, एकटा कचरूबा. उलटा. पाय आभाळाला लावल्यासारखा, नव्या दातानं हसत.

"नंदामाय, चूक महीच झाली," अक्षता म्हणाली.

"दात कुठून आला गं?"

"मी लावला."

"मला वाटलं, तालुक्याला जाऊन बसवून आला." नंदाबाईनं मान आणखी वाकडी केली. "पंधरा साल ह्या फ्लेक्सांची पाठच बघून राह्यले मी. पहिल्यांदा पाठीला तोंड आलं." आणि पालथ्या जात्यावर बसून तिनं सूर धरला:

म्होरल्या अंगाला, गाव सारा गोमटा
मागल्या अंगाला, माझा धनी उलटा

कचरूबा हातोडी घेऊन येत होता. ओवी ऐकून वाटेतच थांबला. या वेळी काटा होता की नाही, हे त्याला लवकर उमगेना.

अक्षतानं त्या पांढऱ्या पाठीचा फोटो काढला तो तेव्हा. उंबऱ्यावरचा मऊ उजेडातला फोटो तिनं पाठवलाच नाही, हा पाठवला. सरांचं उत्तर चार दिवसांनी आलं. 'मोकळ्या जागेचा अत्यंत धीट वापर. वर्गात दाखवणार आहे. मात्र चेहरा उलटा ठेवून एडिट करण्यामागची संकल्पना दोनशे शब्दांत लिहून द्या.' अक्षता लॅपटॉपसमोर बसली. वारा, बांबू आणि वीत असे तीनच शब्द सुचले.

आठवड्यानं फ्लेक्स उतरला. उतरलेला फ्लेक्स बांधणाऱ्याचा, हा गावचा रिवाज. कचरूबानं तो खालच्या बांबूसकट कडब्याच्या गंजीवर घालायला काढला आणि पट्टी उलगडायला खिळा उपसू लागला, तशी नंदाबाई आतून ओरडली, "ऱ्हाऊ द्या तसंच!"

तिनं स्वतः एक टोक धरलं आणि छापील अंग खाली घालून फ्लेक्स गंजीवर पसरला, वरचं खाली आणि खालचं वर. रामप्रसाद आणि त्यांची चाळीस पोरं डोकं खाली करून कडब्यात तोंड खुपसून पडली. आणि गंजीच्या माथ्यावर, चौकाकडं पाहत, कचरूबा सुलटा झाला.