दोन छिद्रांचा कागद

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी खिळा आहे. चार इंच लांब, डोक्याशी जरासा वाकलेला. माझ्यावर कुणी तसबीर टांगली नाही, की माझ्या आधाराने कधी दार उभे राहिले नाही. माझे काम निराळे होते. पाच वर्षांतून एकदा मी कागदाला भोक पाडत असे, आणि त्या भोकातून आमच्या देशाचा अध्यक्ष निवडला जाई.

आमच्या जावा बेटावर मत असेच देतात. कागदावर उमेदवारांची चित्रे असतात. खाली मऊ उशी ठेवायची, हव्या त्या चित्रावर खिळा टोचायचा, कागदाची घडी करून तो पेटीत टाकायचा आणि बाहेर येऊन बोट जांभळ्या शाईत बुडवायचे.

मी मूळचा पाक सुरातमन यांच्या सुतारकामाच्या डब्यातला. पाक म्हणजे वडीलधारा माणूस, तसे तिथे सगळेच त्यांना म्हणत. डोंगरउतारावरच्या त्या तंबाखूच्या गावात मतदान केंद्राचे प्रमुख तेच असत. एका वर्षी केंद्रावरचा एक खिळा गवतात पडून हरवला, तेव्हा त्यांनी मला बाहेर काढले. माझे टोक त्यांनी कानशीने घासले, बोटावर टेकवून पाहिले, पुन्हा घासले. खिळा फार बोथट असला तर कागद फाटतो, फार अणकुचीदार असला तर भोक दिसत नाही. मग डोक्याशी सुतळी बांधून त्यांनी मला टेबलाला जखडले. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत मी त्याच टेबलावर होतो.

ते दिवस माझ्या अभिमानाचे होते. मतदानाच्या आधी पंधरा दिवस पाक सुरातमन मला खिशात घालून घरोघर जात. नमुन्याचा कागद जमिनीवर पसरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना शिकवत. त्यांचे सांगणे ठरलेले असे. कागद पूर्ण उघडा, हाताने सपाट करा, मग टोचा. एकदा तर त्यांच्या केंद्रावर एकही मत बाद झाले नव्हते. कुणी त्याचे कौतुक केले की ते माझ्याकडे बोट दाखवत.

त्यांची सर्वांत हट्टी विद्यार्थिनी तुमिराआजी. डोळ्यांत मोतीबिंदू, बोटे तंबाखूची पाने निवडून काळी झालेली. मदतीला कुणाला तरी आत नेता येते, असे सून सांगत होती. आजी ऐकेना. ती म्हणाली, "नवरा मी स्वतः पसंत केला होता. अध्यक्ष काय तू पसंत करणार?" पाक सुरातमन तीन संध्याकाळी तिच्या ओसरीवर बसले. चौथ्या संध्याकाळी आजीने नुसत्या बोटांनी चाचपून कागद उघडला आणि नेमक्या जागी मला टोचले.

त्याच वर्षी पाक सुरातमन यांची मुलगी वेनिंग पहिल्यांदा मत देणार होती. तिला नुकतीच सतरा वर्षे पूर्ण झाली होती, आमच्याकडे मताला तेवढे वय पुरते. ती हुशार होती, खूप वाचायची, आणि त्या महिन्यात तिन्ही उमेदवारांविषयी बापाशी जेवताना वाद घालायची. बाप ऐकून घेई. कुणाला मत द्यायचे ते त्याने एकदाही सांगितले नाही. कागद कसा उघडायचा ते मात्र सांगू लागला, तेव्हा ती हसली. "बाबा, मी काय तुमिराआजी आहे?"

मतदान बॅडमिंटनच्या मैदानावर होते. बांबूचे खांब, वर ताडपत्री, प्लास्टिकच्या खुर्च्या. जार्वोदादाच्या टपरीवर पाटी लागली होती की शाईचे बोट दाखवणाऱ्याला बर्फाचा चहा फुकट. तुमिराआजी सकाळी लवकर आली. आत तिला बराच वेळ लागला. बाहेर रांगेत चुळबुळ झाली, कुणी खोकले. तिने कागद पूर्ण उघडला, तळव्याने सपाट केला, चाचपला आणि मला टोचले. एकच भोक, बरोबर मधोमध. मी स्वतः सांगतो आहे.

मग वेनिंग आली. तिने जाकिटात मोबाइल लपवून आणला होता. आत मोबाइल नेण्याची बंदी आहे, हे तिला ठाऊक होते. सकाळपासून तो नियम तिचाच बाप सगळ्यांना सांगत होता. पण मैत्रिणींनी ठरवले होते, पहिल्या मताचा फोटो हवाच. तिने एका हातात मोबाइल धरला. उरलेल्या हाताने कागद उलगडला, पण त्याची एक बाजू मागे दुमडलेलीच राहिली. तिने माझा आणि कागदाचा फोटो काढला, घाईने मला उचलले आणि टोचले.

मित्रांनो, मला कागद जाड लागला. एकाच्या जागी दोन पदर आहेत, हे मला टोकाला कळले. पण खिळ्याला थांबता येत नाही, बोलता येत नाही. त्या क्षणाची लाज मी आजही बाळगून आहे.

दुपारी मोजणी सुरू झाली. आमच्याकडे ती सगळ्यांसमोर होते. पाक सुरातमन एकेक कागद उघडून उजेडासमोर धरत, भोकातून सूर्य दिसे, ते क्रमांक पुकारत आणि सारे गाव "मान्य" म्हणे. अर्ध्याहून अधिक कागद झाल्यावर ते एका कागदाशी थबकले. त्यातून उजेडाचे दोन ठिपके येत होते. एक दुसऱ्या उमेदवारावर, एक तिसऱ्यावर.

"बाद," ते म्हणाले.

मग टपरीवरून जार्वोदादाचा आवाज आला. "तुमिराआजी, कागदाचे दोन्ही कान टोचलेत की!"

मैदान हसले. वाईट मनाने नव्हे, दमलेली माणसे हसतात तसे. आजीला लागलेला वेळ सगळ्यांनी पाहिला होता. सुनेने कपाळाला हात लावला. पाक सुरातमन यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केले आणि मत गुप्त असते, कुणी कुणाचे नाव घेऊ नये, असे बजावले. पण आजीने ते ऐकले नव्हते. ती आपली काळी बोटे पाहत होती. उठताना ती हळूच म्हणाली, "पुढच्या वेळी मला नका बोलावू. माझ्यामुळे पाकच्या केंद्राला बट्टा."

वेनिंग तिसऱ्या ओळीत होती. तिने खाली वाकून मोबाइलमधला फोटो मोठा करून पाहिला. मागे दुमडलेली बाजू त्यात स्पष्ट दिसत होती. एक वाक्य बोलायचे होते. मैदानात शंभर माणसे होती, आणि समोर बाप. ती बोलली नाही.

अध्यक्षपदाची मोजणी संपली, इतर पदांच्या मतपेट्या अजून उरल्या होत्या. पाक सुरातमन यांनी माझी सुतळी सोडली, मला पत्र्याच्या डबीत ठेवले आणि घरी न्यायला डबी वेनिंगच्या हाती दिली.

"कागद पूर्ण उघडला होतास ना?" त्यांनी विचारले.

"हो."

त्यांनी तिच्याकडे पाहिले. मग प्रार्थनेला जाऊन येतो म्हणाले आणि उताराच्या वाटेने गेले. थोड्या वेळाने वेनिंग डबी घेऊन आजीच्या फाटकापर्यंत आली. आतून बोलणे ऐकू आले, तशी ती मागे वळली. कोण बोलत होते, हे पाहायलाही ती थांबली नाही.

मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत चालली. परत आल्यावर पाक सुरातमन खुर्चीवरून उठले नाहीत, धड जेवले नाहीत. अकराव्या दिवशी, अंगणात रंधा मारताना, ते खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत.

मयताला तुमिराआजी केळीच्या पानात भात बांधून घेऊन आली आणि वेनिंगजवळ बसली. वेनिंग मान वर करेना. तिच्या बोटाची शाई अजून नखाच्या कडेला होती. लिंबाने घासूनही ती जात नव्हती.

त्यानंतर पाच वर्षे मी डबीत होतो. कुणी मला घासले नाही, तेलाचा थेंब लावला नाही. टोकावर गंज चढला. मला वाटले, मला विसरले. पण डबी वेनिंगच्या उशाशीच असे. ती फक्त उघडत नव्हती.

पुन्हा निवडणूक आली. केंद्राच्या कामाला माणसे हवी होती आणि वेनिंगने नाव दिले. घरोघर मतदानाच्या चिठ्ठ्या वाटायच्या होत्या. सगळ्या वाटून झाल्या, एक उरली. तेव्हा तिने डबी उघडली, बाबांच्या कानशीने मला घासले आणि नमुन्याचा कागद घेऊन ती आजीच्या ओसरीवर गेली.

आजी पाने निवडत होती. आता तिला जवळजवळ काहीच दिसत नव्हते. वेनिंगने बसायच्या आधीच सांगून टाकले. मोबाइल, फोटो, दुमडलेली बाजू, ते "हो", सगळे.

आजीचे हात पानांवर थांबले.

"पण तो कागद तर तुझ्या बापाचा होता," ती म्हणाली. "त्याच संध्याकाळी आला होता, इथेच बसला. म्हणाला, आजी, तो कागद माझा. सकाळपासून दमलो होतो, घडी राहिली. मी म्हटलं, मास्तरच नापास! किती हसलो आम्ही. पुढच्या वेळी यायचं, असं वचन घेऊन गेला." ती थोडी थांबली. "आणि म्हणाला, वेनिंगला सांगू नका. पोर मला हसेल."

त्यांना खरे कळले होते का? की केवळ एका म्हातारीचे मत वाचवायला ते स्वतःच्या माथी चूक घेऊन गेले? ते मला माहीत नाही, मित्रांनो. वेनिंगलाही ते कधी कळणार नाही. ज्याला विचारायचे तो माणूसच आता उरला नव्हता.

मग वेनिंगने कागद पसरला आणि मला आजीच्या हाती दिले. आजीने मला टोचले नाही. तिची बोटे कागदाच्या कडेने सावकाश फिरली आणि एका कोपऱ्याशी थांबली.

"नीट उघड गं," ती म्हणाली. "बघ, अजून एक घडी राहिली आहे."

मित्रांनो, आता मी गंजलो आहे, पुढच्या खेपेला माझ्या जागी नवा खिळा येईल. तुमच्या देशात मत कसे देतात, मला ठाऊक नाही. पण तुमच्याही हातात कधी तरी ते येईल. तेव्हा दोन्ही हात मोकळे ठेवा. आणि तुमची चूक दुसऱ्या कुणाच्या नावावर गेली, तर त्याच दिवशी उठून बोला, मैदानात शंभर माणसे असली तरी. समोर आपला माणूस उभा आहे, तोवर बोला.