बामगोलवालीचं नाव

ऊन तापायच्या आत तोडणी उरकावी म्हणून आम्ही दोघी पहाटेच मिरचीच्या सरीत बसलो होतो. माती दवानं ओली, मिरची लालभडक. बामगोलवालीचे गुडघे मात्र झाडागणिक कुरकुरत होते. थंडीत सोल शहरी जाऊन ऑपरेशननं ते बदलून घ्यायचे, म्हणून तिनं चौदा सुगींचा पैसा बँकेत राखला होता.

बामगोल तिचं माहेर. आमच्याकडं, कोरियाच्या खेड्यात, सून आली की माहेरचं गाव तिला चिकटतं, आणि तिचं नाव पुसून जातं.

नऊ वाजून गेले तसा खांबावरचा भोंगा खरखरला. गावप्रमुख मा पान-सोक आधी माइकात दोनदा फुंकर मारून मग बोलला. बँकेनं सगळ्यांच्या मोबाइलवर मेल धाडलाय, संध्याकाळपर्यंत माहिती भरली नाही तर खाती बंद. पासबुक आणि गुप्त आकडा घेऊन सभागृहात या, मी भरून देतो. आवाज असा फुगलेला, जणू बँक त्याच्याच परसात अंडी घालते.

टोपल्या टाकून बाया पासबुकं घेऊन सभागृहात धावल्या. पान-सोक नाकावर चष्मा, डोक्यावर वाघाचं चित्र असलेली टोपी घालून बसला होता. वयाचा मान म्हणून रांगेत पहिलीच बामगोलवाली.

"आधी वाच," ती म्हणाली. "कुणाच्या नावानं हाय?"

"मान्यवर ग्राहक. म्हंजे तुमीच की, आजी."

"मी न्हवं. पन्नास वर्सांत या गावानं मला नावानं हाक मारली न्हाई. सासूनं न्हाई, नवऱ्यानं न्हाई. तुज्या वहीतबी मी बामगोलवालीच. माजं नाव हाय ते एका बँकेत. तिथली पोरगी खिडकीतनं पुरं नाव घेती, तवा मी उठती. ह्या मेलातल्या बँकेला माजं नावच ठावं न्हाई, ही कसली बँक?"

वर बँकेचा शिक्का आहे, असं तो गुरगुरला.

"तुज्या टोपीवर वाघ हाय, म्हणून तू वाघ का? आन् मी आकडा दाबताना ती पोरगी मान फिरवती. ती कशाला माजा आकडा मागंल?"

तिनं पासबुकामागच्या नंबरावर फोन लावला. पोरीनं स्पष्ट सांगितलं, असा मेल आम्ही धाडलाच नाही, त्यातल्या कशावर बोट ठेवू नका.

सगळ्या पान-सोककडं बघू लागल्या. कुणीतरी हळूच विचारलं, "तुमी तुमचा आकडा भरला का हो?"

पहाटेच भरला होता. गावाला वळण लावायला, सगळ्यांच्या आधी. गडी टोपी तिथंच टाकून बँकेकडं पळाला.

सभागृहातला भोंग्याचा माइक चालूच राहिला होता. बामगोलवाली गुडघ्यांवर हात टेकत तिथवर गेली. तिनं फुंकर मारली नाही.

"मी ओक बुन-रे बोलती. बँकेचा म्हणून आलेला मेल खोटा हाय. ज्याला तुमचं नाव ठावं न्हाई आन् आकडा मात्र पायजे, त्यो चोर. आता कामाला लागा."

दुपारी तिचा दीर भातखाचरातून आला. पन्नास वर्षं तिच्याच हातची कोबीची किमची खाणारा. मला म्हणाला, "भोंग्यावर बोलली ती बाई चांगली शाणी वाटती. कुणाच्या घरची गं?"