पुरळ येण्याआधी

गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, मिठाच्या दाण्यांहून बारीक असे पाच-सहा पांढरे कण होते. प्रत्येकाभोवती लालसर कड. मावशीने चमच्याने गाल हळूच ओढून धरला आणि कापसाचा बोळा फिरवला. दूध असतं तर पुसलं गेलं असतं. कण तसेच राहिले.

"मिट हं तोंड, शहाणी माझी."

तीन वर्षांची ती मुलगी खोकली. डोळे लाल, पाणावलेले; उजेडाकडे बघेना. तिची आई सकाळी तापाचं औषध पाजून तिला पाळणाघरात सोडायची आणि दुपारी अंग पुन्हा तापायचं. आज तिसरा दिवस.

"आता काय सापडलं?" ताईने दारातून विचारलं. पाळणाघर ताईचं. दवाखान्यातली नोकरी संपल्यावर मावशी, तिची धाकटी बहीण, मदतीला आली होती.

"गोवर."

"अंगावर एक पुरळ नाही आणि म्हणे गोवर! मागच्या वर्षी घामोळ्यांना कांजिण्या ठरवलंस. चार मुलं पाळणाघर सोडून गेली, ती परत आलीच नाहीत."

ते खरं होतं. म्हणूनच मावशी परवा लाल डोळे पाहून गप्प बसली होती आणि काल खोकला ऐकूनही.

"गालातले हे कण आधी दिसतात. पुरळ एक-दोन दिवसांत येईल, कानामागून. तोवर इतरांना लागण झालेली असेल."

"मग कोपऱ्यात झोपव तिला."

"ताई, हा हवेतून पसरतो. त्याला कसला कोपरा?"

शेजारच्या पाळण्यात ताईचा सात महिन्यांचा नातू पाय झाडत होता. गोवराची लस मिळण्याएवढं त्याचं वय झालं नव्हतं. ताईने त्याला उचललं. "याला काय होतंय? अंगावर पितोय अजून," ती म्हणाली, पण आवाजातली धार गेली होती.

संध्याकाळी मुलांना न्यायला आया जमल्या. मुलीच्या आईने चपला काढत विचारलं, "मावशी, त्रास नाही ना दिला हिने?"

"सर्दी आहे म्हण," ताई मागून पुटपुटली.

मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"हिला गोवर असावा. आत्ताच डॉक्टरांकडे न्या, पण आधी फोन करून सांगा, तिथेही लहान मुलं असतात. बाकीच्यांनी लसीची कार्डं घेऊन आजच डॉक्टरांना विचारा. उद्यापासून पाळणाघर बंद." ती मुलीच्या आईकडे वळली. "मला परवाच शंका आली होती. मी बोलले नाही."