गेरू-चुन्याखालचे पक्षी

मी एक जुनं अंडं आहे. नाक दाबू नका, मित्रांनो, मला वास नाही. मी फायबरचा आहे, आतून पोकळ आणि उंचीने तुमच्या बाबांच्या खांद्याएवढा.

दोन वर्षांपूर्वी एका संस्थेने अमरावतीच्या चौकाचौकांत आम्हां वीस अंड्यांना रंगवून उभं केलं होतं. महिन्याभराने आमचा लिलाव व्हायचा होता आणि एकेका अंड्यामागे कर्णबधिर शाळेतल्या एकेका मुलाला कानाचं मशीन मिळायचं होतं. माझ्या वाट्याला आली प्रणाली. सहा वर्षांची, मूळची बाळापूरची. डॉक्टर म्हणाले होते, आधीच उशीर झालाय, आता मशीन लागलं तरच पोरगी बोलायला शिकेल.

शाळेच्या चित्रकला शिक्षिका रश्मीताईंनी माझ्या अंगभर मेळघाटातले पक्षी काढले, चोची उघडून गाणारे. येणारे-जाणारे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. खोटं कशाला सांगू, मी जरा फुगलोच होतो.

लिलावाच्या आदल्या दिवशी माझ्या चौकातल्या रस्त्याने मोठे साहेब येणार अशी बातमी आली. आपल्याकडे साहेब येणार म्हटलं, की झाडं, दगड, दुभाजक, सगळ्यांना खाली गेरू आणि वर चुना बसतो. रंगारी चंद्रभान सकाळीच बादल्या घेऊन आला. माझ्यापाशी थबकला.

"मुकादम, याले बी लावाचं काय? चित्रं हायेत यावर."

"काहून डोकं खाऊन राहिला बे? जे हालत नाई, त्याले लाव!"

चंद्रभान कामाचा पक्का. टिकावा म्हणून त्याने चुन्यात डिंक घातला होता. दोन हात दिले, गेरूची रेघही अगदी सुतात मारली. साहेब मात्र दुसऱ्याच रस्त्याने गेले.

संध्याकाळी रश्मीताई आणि प्रणालीची आई वर्षाली मला घासत बसल्या. चुन्याबरोबर पक्षीही निघाले.

लिलावात मला तसंच ठेवलं. "हा मैलाचा दगड कोनं आनला?" कुणीतरी ओरडलं आणि सभागृह हसलं. प्रणालीने सगळ्यांची तोंडं पाहिली आणि तीही हसली. माझ्यावर बोली लागली नाही.

"ताई, आता आमच्या पोरीचं कसं?" वर्षालीने विचारलं.

पुढच्या वर्षी पाहू, असं संस्थेने सांगितलं. पुढच्या वर्षी अंडी बसलीच नाहीत.

आता मी शाळेमागे मोडक्या बाकांत पडून आहे. माझं काही व्हायचं राहिलं नाही. पण मित्रांनो, कुणाच्या कामावर हात फिरवण्याआधी ते कशासाठी आहे, एवढं तरी विचारा. आणि कुणी विचारलं, तर त्याला गप्प करू नका.

प्रणाली आठ वर्षांची झाली. शाळा सुटली की वर्षाली फाटकातून हाक मारते. पोरीला ऐकू जाणार नाही हे ठाऊक असूनही मारते. प्रणाली पाठमोरी खेळतच राहते. ती हाक मला रोज ऐकू येते. मला ऐकू येऊन काय उपयोग?