प्रभूसाठी राखलेली खुर्ची

"बसणारं माणूस नसेल, तर खुर्ची म्हणजे नुसतं लाकूड," असं मला घडवणारे हारुनचाचा म्हणाले होते. मी तेव्हा नव्या पॉलिशच्या तोऱ्यात होते. म्हाताऱ्या माणसांना बोलायला काहीतरी लागतंच, असं म्हणून मी ते कानाआड केलं.

मित्रांनो, मी नाशिकच्या शरणपूरमधली एक सागवानी खुर्ची. जीवन आणि सुवर्णा या जोडप्याच्या घरी आले, तेव्हा मला उसंत म्हणून नव्हती. सुवर्णा माझ्यात बसून तान्ह्या तृप्तीला पाजायची, मटार सोलायची. लेकीचं अंग जरा कोमट लागलं, की तिला मांडीवर घेऊन सारखा कपाळाला हात लावून बघायची. ताप म्हणजे काय, हे मला तेव्हापासून कळतं. माझे हात झिजून गुळगुळीत झाले, एक पाय डुगडुगू लागला. पण येणारा-जाणारा म्हणायचा, हिच्यात बसलं की उठावंसं वाटत नाही.

मग कुठल्याशा प्रवचनात या दोघांनी ऐकलं, की जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची प्रभू येशूसाठी राखावी. झालं! लाल मखमलीची गादी आली, पाठीवर क्रोशाचा रुमाल आला. तृप्ती चढायला गेली, की पाठीत धपाटा. रोज धूळ पुसायची आणि बसायचं मात्र कोणी नाही. आधी मला त्याचं अप्रूप होतं, मग कंटाळा आला. आता सरळ चीड येते.

गेल्या आठवड्यात घरी चर्चच्या मंडळीची प्रार्थना होती. ज्याने जग निर्माण केलं तोच जगात आला, आणि जगाला त्याची ओळखच पटली नाही, असा विषय. सगळ्यांनी जगाला चांगलं धारेवर धरलं. शेजारचा दीपक तर म्हणाला, देव दाराशी येऊन उभा राहिला, तरी लोक त्याला म्हणतील, नंतर या. सगळे हसले.

तेवढ्यात दाराशी भागीबाई आल्या. मूळच्या पेठ तालुक्याकडच्या, याच मंडळीतल्या, फुलबाजारात झेंडू विकणाऱ्या. "या ना मावशी, बसा ना," सगळे म्हणाले. जागेवरून हललं कोणी नाही. त्या भिंतीच्या आधाराने माझ्यापर्यंत आल्या आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात टेकला. हात नुसता भाजत होता.

"मावशी, ती नको हं," सुवर्णा हळूच म्हणाली. "ती प्रभूची आहे."

"असं व्हय? मंग ऱ्हाऊ दे, बाय. त्यो बी लय लांबून येत असंल. दमला असंल."

शेवटचं गीत होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग सगळ्यांना सलाम करून निघून गेल्या.

आजाऱ्याला भेटाल तर मलाच भेटाल, असं प्रभूनेच सांगून ठेवलंय. याच टेबलाशी मी ते इतक्यांदा ऐकलंय, की मला पाठ झालं. यांनाही पाठ आहे. मग अडतं कुठे? आणि म्हणे, जग आंधळं!

काल रविवार. भागीबाई उपासनेला आल्या नाहीत. मंडळीच्या ग्रुपवर कोणीतरी तसं लिहिलं, आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. जीवन म्हणाला, कोणीतरी जाऊन येईलच. सुवर्णाने दोनदा चपला घातल्या. घरात लहान मूल, साथीचं काही असलं तर, म्हणून दोन्ही वेळा काढून ठेवल्या. तिची काळजी मला कळते. पण त्या बाईच्या कपाळाला हात कोणी लावायचा?

मित्रांनो, मला चालता येत नाही, नाहीतर केव्हाच गेले असते. चर्चच्या मागे पत्र्याच्या खोल्या आहेत, त्यातली अगदी कडेची त्यांची. प्रार्थना वाटेत करा. दार वाजवा, आणि ओ आली नाही तर ढकला. आतून कडी लावायची त्यांना सवय नाही.